वाचकांचे प्रश्न : नारळ सोलणारे यंत्र अडते कुठे?

गेल्या दोन महिन्यांत कोकणातून आलेल्या टपालात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची पत्रे सर्वाधिक होती. अंतिम वर्षाचे प्रकल्प कागदावरून लोखंडात उतरण्याचा हा काळ असल्यामुळे ते स्वाभाविक आहे. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा बरीच लागली, कारण त्या पत्रातील अडचण इतर अनेक पत्रांच्या मुळाशीही आहे.

प्रश्न : आम्ही चौघांनी अंतिम वर्षासाठी नारळ सोलण्याचे यंत्र केले आहे. परस्परांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे, खिळे बसवलेले दोन रूळ आहेत. एक अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटर पट्टा आणि गिअरबॉक्स यांच्यामार्फत रुळांना मिनिटाला ६० फेऱ्या देते. शाफ्ट २० मिमी व्यासाचा, साध्या एम.एस. ब्राइट बारचा (साध्या पोलादाच्या गुळगुळीत सळईचा) आहे. महिनाभर पडवीत पडून सुकलेले असोले नारळ यंत्राने चांगले सोलले. मात्र नुकतेच पाडलेले नारळ घातले की रूळ अडतात, पट्टा घसरून जळल्याचा वास येतो, आणि तिसऱ्या दिवशी चावीच्या (चाक शाफ्टवर जखडणाऱ्या पट्टीच्या) खाचेपाशी शाफ्टच पिळवटला. दोन अश्वशक्तीची मोटर बसवा, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. बसवावी का?
— विद्यार्थी, राजापूर

उत्तर : आत्ता बसवू नका. तुमचा शाफ्ट का पिळवटला, हे आधी आकडे मांडून पाहू. त्याला दहा मिनिटे आणि एक कागद पुरतो.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. मिनिटाला १४४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १५१ रेडियन. भागाकार केला की मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ४.९५ न्यूटन-मीटर येतो. वेग २४ पटींनी घटवला, म्हणून रुळाच्या शाफ्टवर टॉर्क २४ पटींनी वाढतो आणि ११९ न्यूटन-मीटरच्या जवळ जातो. पट्ट्यात आणि गिअरमध्ये काही वाया जाईल, पण हिशोब सुरक्षित बाजूने करायचा असल्याने ती घट सोडून देऊ. आता २० मिमी व्यासाच्या भरीव शाफ्टवर या टॉर्कने येणारा शिअर स्ट्रेस (पिळामुळे पोलादात येणारा ताण) काढा. तो ७५ मेगापास्कलच्या थोडा वर येतो. चावीची खाच पाडलेल्या साध्या पोलादी शाफ्टसाठी तुमच्याच पाठ्यपुस्तकात सुमारे ४२ मेगापास्कलची मर्यादा दिलेली असते. म्हणजे सुके नारळ सोलतानाही, मोटर पूर्ण जोर लावत असेल तेव्हा, तुमचा शाफ्ट मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे काम करत होता. रूळ अडल्यावर काय होते, ते तर याहून गंभीर आहे. इंडक्शन मोटर अडली म्हणून फलकावर लिहिलेल्या टॉर्कवर थांबत नाही. पूर्ण बंद पडण्यापूर्वी ती त्याच्या दुपटीपर्यंत सहज जाते. दुप्पट टॉर्क म्हणजे दीडशे मेगापास्कल, आणि साधे पोलाद पिळाखाली जेथे कायमचे वाकू लागते, ती हद्द साधारण तेथेच आहे. खाचेच्या कोपऱ्यात ताण आणखी एकवटतो, म्हणून शाफ्ट नेमका तेथे पिळवटला. पट्टा घसरला नसता तर तो पहिल्याच दिवशी गेला असता. त्या घसरणाऱ्या पट्ट्याने तुमची मोटर आणि गिअरबॉक्स वाचवले आहेत, हे ध्यानात घ्या. अशा स्थितीत दोन अश्वशक्ती लावल्या तर अडचण तशीच राहील आणि मोडतोड मात्र दुप्पट होईल.

शाफ्टचा उपाय सोपा आहे. पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० चे २५ मिमी केले की ताकद जवळपास दुप्पट होते आणि तोच ताण ३९ मेगापास्कलवर येतो. रुळांवर नारळ दाबला जातो तेव्हा शाफ्टला बाकही येतो, त्यामुळे दोन बेअरिंगांमधील अंतर मोजून तोही हिशोब जोडावा लागेल. तो केल्यावर कदाचित ३० मिमी योग्य ठरेल. मात्र हे सारे करूनही रूळ अडायचे थांबणार नाहीत. शाफ्ट जाड करणे हा पिळवटण्यावरचा इलाज आहे, अडण्यावरचा नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत तुमच्या पत्रात मला जागोजागी दिसली.

अडण्याच्या मुळाशी जायचे असेल तर एका प्रश्नाचे उत्तर हवे : ओल्या नारळाचे सोडण, म्हणजे वरचे धागेदार आवरण, फाडायला किती जोर लागतो? तुमच्या दोन पानी पत्रात मोटरच्या कंपनीपासून रंगाच्या छटेपर्यंत सर्व काही आहे, हा एक आकडा तेवढा नाही. तो मोजायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. पट्टा उतरवा. रुळाच्या शाफ्टवर एक मीटर लांबीचा पाइप आडवा घट्ट बसवा. रुळांत नारळ धरवा, पाइपच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि पाइपाशी काटकोन राखत हळूहळू ओढा. सोडण फाटू लागते त्या क्षणी काटा किती किलो दाखवतो, ते दुसऱ्याने वहीत लिहावे. किलोला ९.८१ ने आणि पाइपच्या लांबीने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. काटा आठ किलोवर असेल तर टॉर्क सुमारे ७८ आहे. सोळावर असेल तर १५७, आणि मग तुमची मोटर खरोखरच कमी पडते आहे. एका नारळावर निष्कर्ष काढू नका. नुकतेच पाडलेले, पंधरा दिवसांचे आणि महिनाभर सुकलेले असे किमान दहा-दहा नारळ घ्या. बाणवली आणि टी×डी (उंच व ठेंगू जातींचा संकर) यांची नोंद वेगवेगळी ठेवा, आणि प्रत्येक नारळ कापून सोडणाची जाडी देठाशी, मध्ये व तळाशी पट्टीने मोजा.

हे करताना बहुधा तुम्हाला दिसेल की ओले सोडण नुसते जास्त जोर मागत नाही, ते वागतेच वेगळे. सुकलेले सोडण खिळा घुसला की तडकते आणि पट्टीसारखे सुटते. ओले सोडण लवचीक आणि जाड असल्यामुळे खिळ्यांच्या मध्ये दबून बसते, धागे खिळ्यांना गुंडाळले जातात, आणि पुढच्या फेरीला खिळ्याचे टोक बाहेर उरतच नाही. तसे असेल तर उपाय खिळ्यांची लांबी, त्यांची संख्या आणि रुळांमधील अंतर यांत आहे. एका वेळी कमी खिळे सोडणात असतील तर तितकाच टॉर्क कमी लागेल. दोन्ही रुळांचा वेग किंचित वेगळा ठेवला तर सोडण दोन्हीकडून सारखे ओढले न जाता फाटेल. रुळांमधील अंतर पक्के जखडलेले असेल, तर जाड सोडणाच्या नारळाला मागे सरकायला जागाच उरत नाही. एक रूळ स्प्रिंगवर बसवा. यांतील एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर ताणकाटा पुन्हा लावा. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू लागले, तर कशामुळे चालले, ते तुम्हालाही कळणार नाही आणि परीक्षकांनाही सांगता येणार नाही.

एक सकाळ नारळ सोलणाऱ्या जाणत्या माणसाजवळ बसून काढा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जमिनीत रोवलेल्या पहारीच्या टोकावर तो नारळ आपटतो तेव्हा टोक कवटीवर कधी जात नाही. ते सोडणात तिरके शिरते, आणि मग मनगटाच्या एका पिळाने सोडणाचा एक भाग कवटीपासून सुटतो. नारळाला तीन बोथट कडा असतात, त्या हाताला कळतात, आणि घाव कोठे घालायचा ते हात त्यावरून ठरवतो. तुमचा खिळा सोडणाला ओरबाडतो. पहार ते उचकटते. हा फरक समोर बसून पाहिल्याशिवाय रेखाटनात उतरत नाही. घड्याळ लावून त्याचे शंभर नारळ किती वेळात होतात, तेही मोजा, कारण तुमच्या यंत्राची स्पर्धा त्या आकड्याशी आहे.

शेवटी दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. रुळाच्या चाकात शिअर पिन (जोर मर्यादेबाहेर गेला की इतर भागांआधी तुटणारी पिन) घाला, म्हणजे अडल्यावर काय तुटायचे, ते तुम्ही ठरवलेले असेल. साध्या पोलादाची ५ मिमीची एक पिन शाफ्टच्या मध्यापासून ३० मिमीवर बसवली तर ती सुमारे १७५ न्यूटन-मीटरला तुटेल : मोटरच्या नेहमीच्या टॉर्कच्या वर आणि २५ मिमी शाफ्टच्या सहनशक्तीच्या बरीच खाली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एकमेकांकडे फिरणारे दोन रूळ हात आत ओढतात आणि माणसाला हात मागे घ्यायला सवड देत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात नारळ हाताने रुळांवर ठेवलेला दिसतो. नारळ टाकायची पेटी इतकी खोल करा की पूर्ण हात घातला तरी बोटे रुळांपर्यंत पोहोचू नयेत, आणि यंत्र बंद करण्याची कळ पायाशी द्या. ते होईपर्यंत यंत्र चालवू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील महागडे त्रिमितीय रेखाटनाचे सॉफ्टवेअर घरी मिळत नाही. त्याशिवाय चांगली यंत्ररचना शिकता येईल का?
— विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : निश्चित शिकता येईल. फ्रीकॅड हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर घरच्या साध्या संगणकावरही चालते आणि तुमच्या पातळीच्या प्रकल्पाला पुरेसे आहे. पण त्याआधी पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना करा. तुमच्या गावात लाकूड कातणारे पिढीजात कारागीर आहेत. चितारआळीतल्या एखाद्या कारागिराकडून रूळ, चाके, मुठी लाकडात कातून घेतल्या तर कोणता भाग कोठे अडतो आणि पाना फिरवायला जागा उरते का, हे एका दुपारी समजेल. पडद्यावर हात भागांच्या आरपार जातो, त्यामुळे ही चूक तेथे फार उशिरा दिसते.

प्रश्न : आमच्या गवत कापणीच्या यंत्रात ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग शाफ्टवर सैल होऊन फिरते. लेथवाल्याने शाफ्टला चहूबाजूंनी पंच मारून बेअरिंग पुन्हा ठोकून बसवले, पण दोन दिवसांत ते परत सैल झाले. टर्नरचे काम खराब आहे, असे समजावे का?
— पदविका विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : तसे समजण्यापूर्वी तुम्ही त्यांना दिलेला कागद पाहा. त्यावर शाफ्टचा व्यास नुसता ‘२०’ असा लिहिला असेल, तर टर्नरने १९.९६ दिला तरी त्यांनी तुमचे सांगणे मोडले असे म्हणता येत नाही.

शाफ्ट फिरतो आणि भाराची दिशा स्थिर राहते, तेव्हा बेअरिंगचे आतले कडे घट्टच बसायला हवे. ते थोडेही सैल असले, तर मनगटावरची सैल बांगडी हात हलवताना सरकत राहते तसे ते शाफ्टवर हळूहळू सरकत फिरते, आणि दर फेरीला शाफ्ट झिजत जातो. पंच मारून उठलेली टोके सुरुवातीला कड्याला धरतात. त्यांची टेकण्याची जागा नगण्य असल्यामुळे ती लगेच दबतात. म्हणून दोन दिवस लागले.

रेखाटनात २० मिमीसाठी ‘के६’ असे लिहा. त्याचा अर्थ व्यास २०.००२ ते २०.०१५ मिमी यांच्या दरम्यान हवा. बेअरिंगच्या छिद्राचे माप २० किंवा त्याहून शतांश मिलिमीटरपर्यंत कमी असते, त्यामुळे कडे कोणत्याही परिस्थितीत घट्टच बसते. आता हे मोजायचे कशाने, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या हातातील व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंतच दाखवतो, आणि येथे संपूर्ण मुभाच ०.०१३ मिमीची आहे. व्हर्नियरवर सैल आणि घट्ट दोन्ही शाफ्ट सारखेच ‘२०’ दिसतील. मायक्रोमीटर वापरा, तोही आधी शून्यावर तपासून, आणि शाफ्ट लेथवरून उतरवण्याआधी तीन ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. कातकाम करून लगेच मोजू नका. गरम शाफ्ट मोठा दिसतो आणि थंड झाल्यावर सैल निघतो.

बेअरिंग बाहेरच्या कड्यावर हातोडा मारून बसवले असेल तर ते बदला. तो घाव गोळ्यांमधून आतल्या खाचेवर जातो आणि तेथे बारीक खड्डे पडतात. काही दिवसांनी ऐकू येणारी घरघर तीच असते. आतल्या कड्यावर टेकेल अशा पाइपच्या तुकड्याने दाबा, किंवा बेअरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवून सरकवा. एवढी अचूकता तुमच्या भागात मिळत नसेल, तर शाफ्टला स्क्रूने आवळणारे यूसीपी २०४ जातीचे तयार पेडेस्टल बेअरिंग घ्या. गवत कापणीच्या यंत्राला ते चालते आणि त्याला शाफ्टची मुभा बरीच सैल पुरते.

प्रश्न : माझा मुलगा अंतिम वर्षाला आहे. त्याच्या गटातील मुले शहरातून तयार प्रकल्प विकत आणण्याच्या विचारात आहेत आणि त्यासाठी तो माझ्याकडे पैसे मागतो आहे. सगळेच असे करतात, असे तो म्हणतो. मला यातले काही कळत नाही. पैसे द्यावेत का?
— पालक, गुहागर

उत्तर : पैसे द्यावेत, तयार यंत्रासाठी मात्र एक रुपयाही देऊ नये. आपण विचारलेत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण या व्यवहारात पालकांना बहुधा फक्त रक्कम सांगितली जाते.

माझ्या स्वतःच्या अंतिम वर्षाची हकिकत सांगतो. आम्ही सुपारी सोलण्याचे यंत्र करत होतो. अँगलचा सांगाडा आम्ही गावातल्या एका वेल्डरकडे नेला आणि त्यांच्या मागे उभे राहून आधी डावी बाजू पूर्ण जोडून घेतली, मग उजवी. दुसऱ्या दिवशी शाफ्ट घातला तर तो हाताने फिरेना. आम्ही त्यांना नको ते बोललो. त्यांनी काही न बोलता गुण्या लावला, ओळंबा सोडला आणि दाखवले : सांगाड्याचे तोंड एका बाजूला चार मिलिमीटर फाकले होते. वेल्ड थंड होताना आकसते आणि लोखंडाला आपल्याकडे ओढते. आम्ही एक बाजू आधी पूर्ण केल्यामुळे सगळी ओढ एकाच अंगाला गेली होती. सगळीकडे आधी टाके मारून घ्यायचे, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने भरायचे, आणि बेअरिंग बसण्याच्या जागा सर्व वेल्डिंग संपल्यावरच छिद्रायच्या, हे त्यांनी त्या दुपारी शिकवले. सांगाडा कापून त्यांनी तो पुन्हा जोडून दिला. आमच्या रेखाटनात वेल्डिंगचा क्रम कोठेही लिहिलेला नव्हता. चूक आमची होती आणि आम्ही ती त्यांच्या माथी मारली होती. त्यानंतर नोकरीत मी जेवढे सांगाडे रेखाटले, त्या प्रत्येकावर वेल्डिंगचा क्रम लिहिला आहे.

विकत आणलेल्या यंत्रात असे काही घडत नाही, आणि आपल्या मुलाचे नुकसान होते ते नेमके तेथे. तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतील की शाफ्ट एवढाच जाड का घेतला, हे पोलाद का निवडले, ही मोटर का. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीतही हेच विचारले जाते. ज्याने शाफ्ट पिळवटताना पाहिला आहे, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही.

मुलाला सांगा की यंत्र छोटे असू दे, मोटर नसली तरी चालेल, पण आपल्या घरच्या कामाचे असू दे. आपल्या बागेत कोणते काम कंटाळवाणे किंवा धोक्याचे आहे, हे त्याला सांगणे आपल्याला उत्तम जमेल. आंबा काढायचा साधा झेला सुधारून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ केला, त्यात मोटर नाही की गिअर नाही. बांबू, कडे, जाळी आणि पाते एवढेच आहे. देठासह आंबा अलगद हातात यावा, एवढ्या एका गरजेवर तो उभा आहे. पैसे लोखंड, बेअरिंगे, वेल्डिंगची मजुरी आणि एक चांगला मायक्रोमीटर यांसाठी द्या, आणि प्रत्येक खरेदीची पावती त्याच्या प्रकल्पवहीत चिकटवलेली पाहा.

प्रश्न : खाडीकाठच्या आमच्या आंब्याच्या शेडसाठी प्रतवारीचे यंत्र करत आहोत. संपूर्ण स्टेनलेस स्टील परवडत नाही. साधे लोखंड वापरले तर किती टिकेल?
— विद्यार्थी, देवगड

उत्तर : नीट रेखाटले तर बरीच वर्षे टिकेल. फळाला आणि पाण्याला स्पर्श करणारे भाग तेवढे स्टेनलेसचे करा. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते अधिक तग धरते, पण महाग आहे, म्हणून जेथे भाग सतत ओला राहतो तेथेच घ्या. सांगाडा साध्या लोखंडाचा, जस्ताचा मुलामा दिलेला असावा.

चौकोनी पाइप वापरत असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका. पाइपात शिरलेली दमट हवा रात्री आत पाणी सोडते, आणि बाहेरून रंग झकास दिसत असताना पाइप आतून कुजतो. एक तर दोन्ही टोके वेल्डने पूर्ण बंद करा, नाही तर सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोक ठेवा. अर्धवट बंद पाइप सर्वांत वाईट. पाइपला मुलामा द्यायला पाठवत असाल तर भोके आवश्यकच आहेत. पूर्ण बंद पाइप वितळलेल्या जस्तात बुडवला की आतली हवा आणि वाफ फुटून जिवाला धोका होतो. मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात लहान लोखंडी बोल्ट बसवू नका, कारण खाऱ्या ओलीत तो बोल्ट आधी खाल्ला जातो. तेथे बोल्टही स्टेनलेसचेच घ्या.

प्रश्न : माझी आई घरी काजू फोडण्याचे काम करते. हाताने दाबायच्या यंत्रात गर तुटतात आणि टरफलाच्या तेलाने तिच्या हातांची साल निघते. तिच्यासाठी सुधारित यंत्र हा प्रकल्प घेतला आहे. पात्याचा आकार कसा ठरवावा?
— विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर : पात्याआधी बी मोजा. आपल्याच गावच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅमची असते आणि वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅमची. गावठी बी त्याहून बरीच लहान. आईकडे येणाऱ्या पोत्यात हे सारे मिसळलेले असते. त्यामुळे पात्यांमधील एकच अंतर सगळ्यांना लावले तर मोठ्या बीचा गर कापला जाणार आणि लहान बी नुसती दबणार, हे ठरलेले आहे. एका पोत्यातून न निवडता शंभर बिया घ्या आणि प्रत्येकीची लांबी, रुंदी, जाडी व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. आकडे मांडले की बहुधा दोन-तीन गट स्पष्ट दिसतील. फोडण्याआधी गोल भोकांच्या चाळणीने बी वेगळी करायची आणि पात्याला तितक्याच खाचांचे ठरलेले टप्पे द्यायचे. आईने दर वेळी पाना घेऊन अंतर बदलावे, अशी रचना करू नका, ती दुसऱ्या दिवसापासून बदलली जाणार नाही.

पाते टरफलाच्या जाडीएवढेच आत शिरले पाहिजे आणि मग फिरून टरफल उचकटले पाहिजे. आत किती शिरायचे, ते थांबवणारा टप्पा यंत्रात असावा, आईच्या हाताच्या अंदाजावर नसावा. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक असतो. बाजारात ‘डब्ल्यू-३२०’ म्हणतात त्याचा अर्थ एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, म्हणजे एक गर दीड ग्रॅमच्या आसपास. आईच्या कामाची कमाई या अख्खेपणावर आहे, म्हणून तुमच्या यंत्राचे माप तासाला किती किलो याआधी शंभरात किती अख्खे, हे असू द्या. वाफवणे आणि नंतर सुकवणे यांचा वेळ प्रत्येक चाचणीला सारखा ठेवा. तो बदलला तर पात्याबद्दलचा कोणताही आकडा खरा राहत नाही.

हातांबद्दल. टरफलातील तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतात, आणि त्वचा जाळणारे तेच आहेत. हाताला तेल किंवा राख चोळून काम करण्याची पद्धत आहे, पण यंत्र करताना तुम्हाला त्याहून चांगले काही देता येईल. बी चिमटीत न धरता वाटीत ठेवता यावी, फुटलेले टरफल उताराने आपोआप खाली वेगळ्या डब्यात पडावे, आणि तेल जमणारा भाग आईच्या मांडीपासून दूर असावा. जोर हाताऐवजी पायाने लावता आला तर दिवसाच्या शेवटी मनगट दुखणार नाही. त्यासाठी आई नेहमी जशी बसते तशी तिला बसवून गुडघ्याची उंची, पायाची पोहोच आणि कोपर व हात यांची उंची आधी मोजून घ्या. यंत्राची उंची त्या मापांवरून काढा, पुस्तकातल्या तक्त्यावरून नको.

चाचणी तुम्ही स्वतः घेऊ नका. शंभर बिया आईने फोडाव्यात, तुम्ही शेजारी बसून अख्खे, अर्धे, तुकडे आणि न फुटलेले वेगवेगळ्या वाट्यांत मोजावेत. आधी जुन्या यंत्रावर तीनदा, मग नव्यावर तीनदा.